‘लायसन्स आहे का तुमच्याकडे?’ – एसी सर्व्हिसच्या धंद्यात उतरण्याआधी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा



एसी रिपेअरिंगच्या धंद्यावर बोललो की मला वाटतं मुलं भांडवलाचं विचारतील, टूल किटचं विचारतील. विचारतातच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न येतो: “सर, याचं लायसन्स कुठे काढायचं?” आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या घरी एसी आहे ती मंडळी विचारतात, “सर, लायसन्स असलेला चांगला माणूस कुठे मिळेल हो? नाहीतर येतो तो गॅस संपलाय म्हणतो आणि पैसे घेऊन जातो.”

म्हणजे बघा, गिऱ्हाईक एक कागद शोधतंय आणि कारागीरही तोच कागद शोधतोय. अडचण अशी आहे की एसी बसवणं आणि दुरुस्त करणं या कामाचं असं वेगळं लायसन्स आपल्या महाराष्ट्रात नाही. कुणी तुम्हाला पाच हजारांत ‘एसी कॉन्ट्रॅक्टर लायसन्स’ काढून देतो म्हणत असेल, तर आधी विचारा की कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या कार्यालयातून. बहुतेक वेळा तो तुमची उद्यम नोंदणी करून देईल. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आणि तिचा तुमच्या हातातल्या कसबाशी काहीही संबंध नाही.

मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं? आजचा सगळा लेख त्यावर आहे. कारण लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान आहे असं ज्यांना वाटतं, ते दोन उन्हाळ्यांत धंद्याबाहेर जातात. आणि या कामात चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. पाचव्या मजल्याच्या बाहेर लोखंडी अँगलवर उभा असलेला मुलगा असतो, भिंतीत तापणारी वायर असते, सिलेंडरमध्ये पेट घेऊ शकणारा गॅस असतो.

तिकडे कसं चालतं, ते आधी बघू

आपली बरीच मराठी माणसं कॅलिफोर्नियात राहतात. त्यांच्या घरातलं हीटिंग-कूलिंगचं काम निघालं की ते काय करतात? तिथे राज्य सरकारचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्ड आहे. घराच्या हीटिंग आणि एसीच्या कामासाठी ‘सी-20’ नावाचा वेगळा वर्ग आहे. तो मिळवायला चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो आणि दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक त्या कामाची आणि एक कायदा व व्यवसायाची. शिवाय 25,000 डॉलरचा बाँड द्यावा लागतो, आणि 2023 पासून या वर्गाला कामगारांचा विमाही सक्तीचा आहे. लायसन्स नंबर जाहिरातीत छापावाच लागतो. घरमालक तो नंबर बोर्डाच्या वेबसाइटवर टाकतो आणि त्याला दिसतं की लायसन्स चालू आहे का, बाँड आहे का, विमा आहे का. घराच्या अशा कामात ॲडव्हान्ससुद्धा रकमेच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त मागता येत नाही.

याशिवाय संपूर्ण अमेरिकेसाठी आणखी एक नियम आहे. जो माणूस एसीच्या गॅसला हात लावतो, त्याच्याकडे तिथल्या पर्यावरण खात्याच्या नियमातलं ‘सेक्शन 608’चं प्रमाणपत्र लागतं. गॅस हवेत सोडून देणं हा गुन्हा आहे.

हे सगळं मी कौतुक म्हणून सांगत नाही. तिथेही फसवणारे आहेत, विनालायसन्स काम करणारे आहेत. मला दाखवायचंय ते इतकंच: तिथला घरमालक लायसन्स नंबर टाकून नेमकं काय तपासतो? हा माणूस खरा आहे का, याला काम येतं का, आणि काही बिघडलं तर भरपाई कोण देणार? तीनच गोष्टी. आपल्याकडे या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर मिळत नाहीत. वेगवेगळ्या कागदांवर मिळतात, आणि ते कागद गोळा करून गिऱ्हाइकासमोर ठेवायचं काम तुम्हाला स्वतःला करायचंय. जो ठेवतो त्याला गिऱ्हाईक धरून राहतं, कारण बाकीचे ठेवतच नाहीत.

धंद्याचे कागद वेगळे, कामाचे वेगळे

उद्यम नोंदणी, शॉप ॲक्टची सूचना, जीएसटी, बँकेतलं करंट खातं हे सगळे धंद्याचे कागद. यातून कळतं की तुमचा धंदा अस्तित्वात आहे. कामगार मोजकेच असतील तर शॉप ॲक्टखाली ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते, त्यासाठी एजंट लागत नाही. जीएसटीबाबत एक घोळ नेहमी होतो. लोक म्हणतात, “सर, मर्यादा 40 लाखांची आहे ना?” ती फक्त माल विकणाऱ्यांची. तुम्ही सेवा देताय, त्यामुळे तुमची मर्यादा वर्षाला 20 लाख उलाढालीची. त्याच्या खाली असाल आणि नोंदणी केली नसेल, तर बिलात जीएसटी लावायचा नाही. लावलात आणि गिऱ्हाइकाने नंबर मागितला की तोंडघशी पडाल. पण सोसायट्या, दवाखाने, कंपन्यांची कामं हवी असतील तर ते जीएसटीचं बिल मागतातच. तेव्हा मर्यादेत असूनही नोंदणी घ्यायची की नाही, हा हिशोब तुमचं गिऱ्हाईक कोण आहे यावर करा.

आता कामाचे कागद. आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड हा यातला सगळ्यात वजनदार. दहावीनंतर करता येतो. तुमच्या गावाजवळच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे का ते बघा. तुम्ही आधीच कुणाच्या हाताखाली पाच-सात वर्षं काम केलं असेल आणि आता दोन वर्षं शिकायला बसणं शक्य नसेल, तर ‘आरपीएल’ची सोय आहे. आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ काढला, त्यात एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. कारण सरकारलाही दिसत होतं की या कामात हात भरपूर आहेत पण शिकलेले हात कमी. पर्यावरण मंत्रालयाच्या ओझोन सेलमार्फतही टेक्निशियनची लहान शिबिरं होतात. जिथे मिळेल तिथे जा, आणि प्रमाणपत्र घेऊन या.

माझं स्पष्ट मत सांगतो. ज्याला काम येतं पण कागद नाही, त्याची मला काळजी नाही, तो कागद सहा महिन्यांत मिळवेल. ज्याच्याकडे कागद आहे आणि फ्लेअरिंग धड जमत नाही, त्याने अजून वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली काढावं. स्वतःचं नाव लावून गिऱ्हाइकाच्या घरात शिकू नये.

वायरिंगला हात लावताय? इथे मात्र लायसन्स आहे

हा मुद्दा नव्वद टक्के मुलांना कुणी सांगितलेलाच नसतो, म्हणून जरा थांबून वाचा.

एसी दुरुस्तीला लायसन्स नसलं तरी विजेच्या कामाला आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी 2010 चे होते, आता 2023 चे. त्यानुसार विजेच्या मांडणीत नवीन भर घालणं, बदल करणं, दुरुस्ती करणं हे काम राज्य सरकारचं लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं असतं, आणि तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. सूट कशाला? दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलणं अशा किरकोळ कामांना, आणि तीही मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर.

आता तुमच्या कामाला हे लावून बघा. जुना दीड टनाचा एसी काढला, त्याच पॉइंटवर तसाच नवीन लावला, हे एक. पण बेडरूममध्ये एसीचा पॉइंटच नाही, म्हणून तुम्ही मेन बोर्डापासून नवीन लाइन ओढली, नवीन एमसीबी टाकला, हे दुसरं. हे दुसरं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं आहे. आणि इन्स्टॉलेशनला गेलात की दर चार घरांत एका घरी हा प्रसंग येणार, विशेषतः जुन्या वाड्यांत आणि वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांत.

मग काय करायचं? दोन रस्ते. पहिला, तुमच्या गावातल्या लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरशी लेखी टाय-अप करा. नवीन लाइनचं काम त्याच्या नावाने, त्याच्या बिलावर, त्याच्या जबाबदारीवर. तुम्हाला वाटेल पैसे वाटले गेले. अहो, जबाबदारीही वाटली गेली ना! दुसरा रस्ता लांबचा आहे. तुमच्या किंवा भागीदाराच्या शिक्षणावर वायरमन किंवा सुपरवायझरचा परवाना आणि पुढे कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स मिळवणं. त्याच्या अटी काय, उपकरणं कोणती लागतात, हे जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन विचारा. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

टाय-अप केलात तरी वायरिंग तुम्हाला कळली पाहिजे. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालताना साधारण दीड किलोवॅट ओढतो. त्याला स्वतंत्र लाइन हवी, 16 किंवा 20 अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी हवा, तांब्याची चांगली जाड वायर हवी (साधारण 4 स्क्वेअर एमएमची घालतात) आणि अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचलेलं हवं. टीव्हीच्या बोर्डावरून एक्स्टेंशन घेऊन एसी लावून देणारे महाभाग मी पाहिलेत. घरात शिरल्यावर महावितरणचं बिल मागा आणि त्यावरचा ‘मंजूर भार’ बघा. मंजूर भार एक किलोवॅटचा आणि घरात दोन एसी, असं दिसलं तर गिऱ्हाइकाला भार वाढवून घ्यायला सांगा. बिल बघून बोलणारा कारागीर लोकांनी फारसा पाहिलेला नसतो. तिथेच तुमचं वजन पडतं.

गॅस: सगळ्यात जास्त फसवणूक इथेच, म्हणून सगळ्यात जास्त संधीही इथेच

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपांत फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. हे वाक्य तुम्हाला पाठ असेल, पण गिऱ्हाइकाला माहीत नसतं, आणि त्याच्या या अज्ञानावर कितीतरी लोकांचा उन्हाळा निघतो. सर्व्हिसला यायचं, गेज लावायचं, “साहेब, गॅस कमी आहे” म्हणायचं, थोडा गॅस सोडायचा, हजारो रुपये घ्यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गळती तशीच.

तुम्ही काय वेगळं करणार? क्रम असा. आधी गळती शोधा. बहुतेक वेळा ती फ्लेअर नटच्या जोडावर सापडते, नाहीतर इनडोअरच्या कॉइलमध्ये बारीक छिद्र पडलेलं असतं. कोकणपट्टीत, समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने कॉइल लवकर खराब होते, तिकडच्या मुलांनी हे आधीच धरून चालावं. कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघा, जोडावर साबणाचं पाणी लावा. इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत मनात लिहून ठेवा: दाब तपासायला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. ब्रेझिंगसाठी ऑक्सिजनचा सिलेंडर हाताशी असतो आणि नायट्रोजन आणायचा कंटाळा येतो. पण कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. नायट्रोजन नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

गळती काढली, जोड नव्याने केला. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढा. गॅस सोडून ‘हवा मारून’ काढायची जुनी पद्धत विसरा. व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या खाली गेला का आणि पंप बंद केल्यावर टिकतो का, हे व्हॅक्यूम गेजवर बघा. घड्याळ लावून वीस मिनिटं पंप चालवला म्हणजे झालं असं नसतं.

आणि मग गॅस वजन करून भरा. आउटडोअर युनिटच्या नेमप्लेटवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. समजा आर-32 आणि 0.90 किलो लिहिलंय. सिलेंडर डिजिटल काट्यावर ठेवा. आधी 7.84 किलो, भरल्यावर 6.94. गिऱ्हाइकाला बोलवा, दोन्ही आकडे दाखवा, दोन्हीचा फोटो काढा आणि बिलाबरोबर व्हॉट्सॲपवर पाठवा. पाइपची लांबी कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे किती ग्रॅम जादा घालायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, तेही बिलात लिहा.

“सर, आम्ही तर प्रेशर बघून भरतो.” भरत असाल. पण आर-22 ची सवय झालेल्या हाताला सक्शन प्रेशर 65-70 पीएसआय दिसलं की बरं वाटतं, आणि आर-32 चं प्रेशर त्याच्या दीडपटीच्याही वर असतं. शिवाय आता बहुतेक एसी इन्व्हर्टर आहेत. त्यात कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि वेगाबरोबर प्रेशरही. गेजकडे बघून अंदाज बांधाल तो पाच मिनिटांनी खोटा ठरेल. वजन खोटं बोलत नाही.

आमच्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. त्याने पहिल्या महिन्यात दुसरं काही घेतलं नाही, काटा घेतला. एका सोसायटीत एकाच बाईंच्या घरी त्याने काट्यावर गॅस भरला. त्यांनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आत्तापर्यंत चार वर्षांत कुणीच असं दाखवलं नव्हतं. त्या एका इमारतीत त्याची अकरा घरं झाली. जाहिरातीवर त्याने एक रुपया घातला नव्हता.

आता गॅसच्या सुरक्षेबद्दल. आर-32 हा सौम्य ज्वलनशील गटातला आहे. काही एसींत आर-290 असतो, तो तर सरळ प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊच. अशा मशीनवर गॅस पूर्ण काढल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या, नेमप्लेट वाचल्याशिवाय नट ढिला करायचा नाही. आर-22 च्या जुन्या मशीनमध्ये आर-32 भरून देतो म्हणणारे आहेत. ते तुम्ही होऊ नका. दाब वेगळा, तेल वेगळं, ज्वलनशीलता वेगळी. आर-22 ओझोनला मारक म्हणून जगभरातून जातोय. 1 जानेवारी 2025 पासून आपल्याकडे नवीन उपकरणांच्या उत्पादनात तो वापरता येत नाही. जुनी मशीन अजून काही वर्षं सर्व्हिसला येत राहतील, पण गॅस महाग होत जाणार. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

हीटिंगचं काय? आपल्याकडे घर गरम करायची वेळ कमीच येते, पण गीझरची कामं तुमच्याकडे येणारच. इलेक्ट्रिक गीझर ठीक. गॅस गीझर मात्र बंद बाथरूममध्ये बसवून देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, “शेजारच्यांनी लावलाय की,” तरी हात जोडा आणि काम सोडा.

काही बिघडलं तर कोण बघणार?

गिऱ्हाइकाच्या मनातला हा तिसरा प्रश्न. याचं उत्तर म्हणजे तुमचं बिल. पावती पुस्तकातला ‘एसी काम – 2,500 रु.’ असा कागद काही कामाचा नाही. मशीनचं मॉडेल आणि सिरियल नंबर, काय बिघाड सापडला, काय केलं, कुठला सुटा भाग घातला, गॅस कोणता आणि किती ग्रॅम, आणि या कामाची हमी किती दिवसांची. हमी थोड्या दिवसांची द्या पण लेखी द्या. कामाआधी कोटेशन द्या, त्यापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन करून विचारा. जुना पार्ट काढला की गिऱ्हाइकाच्या समोर ठेवा. त्याला तो नको असतो, पण दिसायला हवा असतो.

आणि हो, गिऱ्हाइकाला 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर माहीत असतो, आणि सेवाही ग्राहक कायद्यात येते. तुमचं बिल व्यवस्थित असेल तर त्या कायद्याची भीती वाटायचं कारण नाही. उलट भांडण झालं तर तेच बिल तुमच्या बाजूने उभं राहतं.

पण भरपाईचा प्रश्न फक्त गिऱ्हाइकाचा नाही. तुमच्या हेल्परचा आहे. आउटडोअर युनिट उचलून ग्रिलबाहेर ठेवणारा तो असतो, आणि या धंद्यात माणसं उंचावरून पडतात. कमरेचा पट्टा पुरत नाही, पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या आणि तो पक्क्या आधाराला अडकवा, खिडकीच्या ग्रिलला नाही. गंजलेल्या अँगलवर पाय ठेवू नका. ठेवायला जागाच नसेल तर “मचाण बांधून द्या, मग येतो” असं सांगायची हिंमत ठेवा. हेल्परसाठी कर्मचारी भरपाईची विमा पॉलिसी एजंटकडून करून घ्या. तेवढं जमेपर्यंत निदान बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे. 20 रुपये! आणि तरी दहातले आठ जण म्हणतात, “करायचीय सर.”

तीनशे रुपयांत सर्व्हिस करणाऱ्याशी कसं लढायचं?

लढायचं नाही. तो तीनशेत येतो तेव्हा त्याचा पेट्रोलखर्चच निघत नाही, म्हणजे त्याला घरात शिरल्यावर काहीतरी ‘काढावं’ लागतं. कपॅसिटर गेला, पीसीबी गेला, गॅस गेला. त्याचा खरा दर तीनशे नाहीच. तुम्ही तुमचा दर काढताना जायचा-यायचा वेळ, पेट्रोल, हेल्परची हजेरी, हत्यारांची झीज आणि परत जावं लागलं तर त्याची फेरी, हे सगळं धरा. मग जो आकडा येईल तो छापील दरपत्रकावर लिहा. वेट सर्व्हिस किती, ड्राय किती, इन्स्टॉलेशन किती, जादा तांब्याचा पाइप फुटाला किती, गॅस ग्रॅमवर किती. दारात उभं राहून दर ठरवणारा माणूस गिऱ्हाइकाला आवडत नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

एक सावधगिरी जाहिरातीबद्दल. इंटरनेटवर एखाद्या मोठ्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला की भलतेच नंबर सापडतात आणि लोक फसतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे तुमच्या बोर्डावर किंवा गुगल प्रोफाइलवर कंपनीचा लोगो आणि ‘ऑथोराइज्ड’ शब्द, तसा करार नसताना, लावलात तर तुम्हीही त्याच रांगेत जाऊन बसता. स्वतःचं नाव लावा. खाली आयटीआय प्रमाणपत्र, उद्यम क्रमांक, आणि वायरिंगची कामं कुठल्या लायसन्सधारकामार्फत होतात ते लिहा. कुणी विचारलं, “लायसन्स आहे का?” तर खरं सांगा: “एसीच्या कामाचं सरकारी लायसन्स महाराष्ट्रात कुणाकडेच नसतं, साहेब. माझं शिक्षणाचं प्रमाणपत्र हे, विजेच्या कामाचं लायसन्स यांचं, आणि गॅस मी तुमच्यासमोर वजन करून भरतो.” एवढं बोलणारा माणूस परत पाठवलेला मी तरी ऐकला नाही.

भांडवलाचं थोडक्यात. व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्ड गेज, फ्लेअरिंग टूल, टॉर्क पाना, डिजिटल काटा, क्लॅम्प मीटर, जेट पंप, नायट्रोजनचं किट, हार्नेस. पहिल्या दिवशी सगळं नवीन लागत नाही, पण पंप, काटा आणि हार्नेस सेकंडहँड घेऊ नका. मुद्रा कर्जाचा शिशु गट 50,000 रुपयांपर्यंत आहे, किशोर गट त्यापुढे 5 लाखांपर्यंत. बँकेत जाताना हत्यारांचं कोटेशन आणि तुमचं छापील दरपत्रक घेऊन जा. मॅनेजरला धंदा समजतो त्यातून.

आणि सुरुवात कधी करायची? मुलं एप्रिलमध्ये उठतात, तेव्हा सगळीकडे ओरड चालू असते आणि शिकायला कुणाला वेळ नसतो. नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत कागद करा, टाय-अप करा, आणि जवळचे दवाखाने, मेडिकल स्टोअर, लॅब, पतसंस्था यांची यादी बनवा. मेडिकलवाल्याकडे इन्सुलिनचा फ्रिज असतो, तो ऑगस्टमध्येही बंद पडून चालत नाही. पतसंस्थेच्या सर्व्हर रूमला पावसाळा-उन्हाळा नसतो. अशा पाच ठिकाणांचे वर्षाचे मेंटेनन्स करार फेब्रुवारी उजाडायच्या आत झाले, तर जून ते सप्टेंबरचा हेल्परचा पगार निघतो. करारात सुटे भाग धरलेत की नाही हे पहिल्याच ओळीत लिहा. वर्षाच्या करारात सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.